आधी बॅग, मग जीव

सोलापूरला विमान आलं, त्याबद्दल आपल्या सगळ्यांचं अभिनंदन. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पडली, वाद झाले, तारखा जाहीर झाल्या, पुढे गेल्या, आणि शेवटी २०२५च्या जूनमध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं. ऑक्टोबरात मुंबईचंही सुरू झालं. आता एवढंच शिकायचं राहिलंय की विमानात बसल्यावर आपला दरारा कसा ठेवायचा. परवा एका सद्गृहस्थांनी त्याचं प्रात्यक्षिक दिलं. चाकं जमिनीला लागून अर्धं मिनिट झालं असेल नसेल, साहेब उभे, डोक्यावरचा कप्पा उघडा, आणि ‘सर, प्लीज बसा’ म्हणणाऱ्या मुलीला उत्तर : ‘तू मला शिकवणार?’ हा आदर्श एका विमानापुरता राहू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट, बोर्डिंग पासवरचा सीट नंबर मनावर घेऊ नका. खिडकी रिकामी दिसली की बसा. मंडळी सोबत असेल तर सगळ्यांना मागच्या ओळींत बोलवा, गप्पांना बरं पडतं. एटीआर ७२ सारख्या छोट्या विमानात कोणत्या भागात किती वजन आहे याचा हिशोब उड्डाणाआधी कागदावर मांडतात आणि त्यावरून वैमानिक ट्रिम, म्हणजे विमानाचा पुढचा-मागचा तोल, लावतो, असं क्रूवाले सांगतील. या विमानाचं प्रवाशांचं दार शेपटाकडे असतं, सगळे मागूनच चढतात-उतरतात, म्हणून जमिनीवर असताना शेपटाखाली टेकू लावून ठेवतात हेही खरं. पण विमान म्हणजे काय बैलगाडी आहे, उलार व्हायला?

सुरक्षेचं प्रात्यक्षिक सुरू झालं की घरी फोन लावा. ‘बसलो बघ विमानात’ हे सांगायची तीच वेळ. ती मुलगी हात करून दारं दाखवते, ते बघण्यासारखं काही नसतं. एटीआरमध्ये दोन दारं मागे आणि दोन इमर्जन्सी दारं पुढे असतात, म्हणजे मधल्या ओळीतल्या माणसाचं जवळचं दार कधी पाठीमागेही असू शकतं. केबिनमध्ये धूर भरला की स्वतःचा हात दिसत नाही. तेव्हा सीटच्या पाठी हाताने चाचपत, मोजत दारापर्यंत जावं लागतं, म्हणून बसल्या बसल्या ओळी मोजून ठेवायच्या असतात. तुम्ही कशाला मोजता? तुम्ही रील बघा.

लाईफ जॅकेट दिसलं की लगेच फुगवा. उजनीवरून जाताना काय सांगता येतं! १९९६ साली कोमोरोस बेटांजवळ अपहरण झालेलं विमान इंधन संपून समुद्रात उतरलं, १७५ पैकी १२५ माणसं गेली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी जॅकेट आतच फुगवली होती. पाणी आत शिरलं तसं जॅकेटांनी त्यांना छताला नेऊन चिकटवलं, खाली बुडी मारून दारातून निघता येईना. म्हणून क्रू घसा कोरडा करून सांगतो : दाराबाहेर पडताना फुगवा. सांगू दे.

ऑक्सिजनचा मास्क खाली आला तर आधी फोटो काढा. पस्तीस हजार फुटांवर शुद्ध अर्धं ते एक मिनिट टिकते, तेवढ्यात दोन निघतील.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाका. तिथे पकडली तर वरच्या कप्प्यात, चादरींच्या घड्यांत चांगली दाबून ठेवा, सोबत शेंगा चटणीची पाकिटं रचा. वीस हजार एमएएचची पॉवर बँक म्हणजे साठवलेल्या विजेच्या मापात साधारण ७४ वॉट-अवर, आणि नियम १०० वॉट-अवरपर्यंत जवळ बाळगू देतो, मग भांडण कसलं? भांडण एवढंच की ती जवळ, नजरेसमोर असावी लागते. लिथियमच्या सेलमध्ये आत शॉर्ट झालं की तो स्वतःच तापत जातो, शेजारच्या सेलला पेटवतो, आणि ही माळ थांबत नाही. जानेवारी २०२५मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या विमानात वरच्या कप्प्यातून आग निघाली, संशय पॉवर बँकेवरच आला. माणसं सगळी वाचली, विमानाचं छप्पर जळालं. हे हातात झालं तर क्रू काय करतो? हॅलॉन या आग विझवणाऱ्या वायूच्या सिलिंडरने ज्वाळा मारतो. पण हॅलॉन थंड करत नाही, त्यामुळे लगेच वरून पाणी ओततो, पाणी संपलं तर चहा, सरबत, दारू सोडून जे मिळेल ते. बर्फ टाकत नाहीत, वरून काही झाकतही नाहीत, कारण त्याने उष्णता आतच कोंडते. हे सगळं बंद कप्प्यात, दोन चादरींच्या मध्ये करून दाखवा म्हणावं.

मोबाईल सीटच्या फटीत पडला तर कोणाला न बोलावता सीट जोरात मागे-पुढे करा, बॅटरी चेपून तो आपोआप सापडेल.

टॉयलेटमध्ये सिगारेट ओढा. दारावर राखदाणी असते, म्हणजे सोय केलेलीच आहे. ती कशासाठी असते? मनाई असूनही एखादा महाभाग ओढणारच, निदान त्याने थोटूक कागदाच्या डब्यात टाकू नये म्हणून. १९७३ साली पॅरिसजवळ एका विमानाच्या टॉयलेटमध्ये आग लागली आणि १२३ जण गेले, बहुतेक धुराने. आता आत धूर ओळखणारं यंत्र आहे, कचऱ्याच्या डब्याला आपोआप चालणारं अग्निशामक आहे, आणि कडी तुम्ही आतून लावली तरी क्रूला ती बाहेरून काढता येते. एवढा बंदोबस्त कोणासाठी, हे विचारू नका.

आता मुख्य विषय, क्रूशी वागणं. त्यांना नावाने हाक मारायची नाही. ‘ए’ म्हणायचं, बेल सारखी दाबायची, आणि काही अडलं की ‘मी कोण आहे माहीत आहे का’ हे ब्रह्मास्त्र काढायचं. समोरची काय करते ते बघा. ती तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर खाली वाकेल, आवाज तुमच्यापेक्षा खाली ठेवेल, तुमचं म्हणणं तुम्हालाच परत सांगेल आणि दोन पर्याय देईल. तुम्हाला वाटेल, घाबरली. ती तुम्हाला माघारी फिरायला वाट देत असते. नाही फिरलात तर ती बाजूला होईल आणि दुसरी येईल. चेहरा बदलला की निम्मी माणसं निवळतात. मग कॅप्टनच्या नावाने तोंडी ताकीद, मग लेखी ताकीद, आणि अगदीच हाताबाहेर गेलात तर हात बांधायला प्लास्टिकचे पट्टे. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, २०१७च्या नियमावलीत तीन पायऱ्या आहेत : शिवीगाळ, अश्लील हावभाव, दारू पिऊन धिंगाणा, तीन महिन्यांपर्यंत उड्डाणबंदी. धक्काबुक्की, ओढाताण, नको तिथे हात, सहा महिन्यांपर्यंत. जिवावर उठणं किंवा कॉकपिटमध्ये घुसायचा प्रयत्न, किमान दोन वर्षं. पोलिसांचं वेगळं. भाऊंना फोन लावायचा म्हणाल, तर मोबाईल फ्लाईट मोडवर आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : चाकं टेकताच उभे राहा, बॅग काढा. वरच्या कप्प्यातून सात किलोची बॅग ओढत असताना वैमानिकाने ब्रेक दाबला तर ती तुमच्या डोक्यावर पडत नाही, पॅसेजकडेला बसलेल्या कोणाच्या तरी आजीच्या मानेवर पडते, तेव्हा काळजी नको. त्या वेळी ती मुलगी कुठे असते, बघितलंय कधी? आपल्या छोट्या सीटवर, खांद्यावरून पट्टे बांधून, पाठ टेकून, तळवे वर करून हात मांड्यांखाली घेतलेले. दिसायला रिकामी बसलेली. ती मनात उजळणी करत असते : आता काही झालं तर आधी कुठली आज्ञा, कुठलं दार, हँडल कुठल्या दिशेला, उघडण्याआधी खिडकीतून काय बघायचं, आग आहे का, इंजिनाचा पंखा फिरतोय का, मदतीला कोण घेता येईल. उड्डाणानंतरची पहिली तीन आणि उतरण्याआधीची आठ मिनिटं सगळ्यात धोक्याची धरतात, म्हणून ही उजळणी दर वेळी. आणि त्या एकाग्रतेत तुम्ही उभे. तिला पट्टा सोडून यायची परवानगी नसते, म्हणून ती माईकवरून विनवते, आणि तुम्ही तिला सुनावता.

विमान प्रमाणित करताना अर्धी दारं बंद ठेवून, अंधारात, सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावी लागतात. त्या चाचणीत कोणी आपली बॅग घेऊन पळत नाही. २०१६ साली तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेलं विमान धावपट्टीवर घासत गेलं. आतल्या व्हिडिओत लोक कप्पे उघडून बॅगा काढताना दिसतात, क्रू ओरडतोय, बॅगा सोडा. ३००च्या ३०० वाचले. विमान थांबल्यावर साधारण नऊ मिनिटांनी इंधनाची टाकी फुटली आणि एक अग्निशामक जवान गेला. आणि जानेवारी २०२४मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर जळत्या विमानातून ३७९ जण उतरले, आठपैकी तीनच दारं वापरता येत होती. बॅगा आत राहिल्या, माणसं बाहेर आली. एटीआरचा पॅसेज जेमतेम दीड फुटाचा. त्यात तुमची चाकवाली बॅग आडवी झाली की मागची तीस माणसं तिच्यापाशीच थांबणार. काय आहे हो त्या बॅगेत? दोन टॉवेल आणि चार्जर?

आता पुरे झाला उपरोध. अहो, ती वेटर नाही. पाणी देणं हे तिचं रिकाम्या वेळचं काम आहे, तिची नेमणूक तुम्हाला जिवंत बाहेर काढायला आहे. सत्तरेक माणसांमागे त्या दोघी असतात. तुमच्या लेकीच्या वयाच्या पोरीवर सगळ्यांदेखत ओरडायला लाज वाटत नाही? आणि एवढी घाई करून तुम्ही जाणार कुठे? पंखे थांबायचे असतात, शेपटाखाली टेकू लागायचा असतो, त्याशिवाय कोणाला उतरू देत नाहीत. तुम्ही दहा मिनिटं मान वाकडी करून उभे राहता, बाकी काही होत नाही. आणि तुम्ही, बाकीचे! हसत बघत बसता, मोबाईल काढून शूटिंग करता, तोंडातून शब्द काढत नाही. पुढच्या वेळी असा कोणी उठला की ती माईक उचलायच्या आत शेजारच्याने म्हणायचं : ‘ओ काका, बसा की खाली.’