मोबाइल वाजला आणि पंप पेटला?

‘शेल या तेल कंपनीने तीन दुर्घटनांनंतर इशारा दिला आहे’ असा एक मेसेज वीसेक वर्षं फिरतोय. आधी ईमेलने यायचा, आता व्हॉट्सअॅपवर येतो. डिकीवर ठेवलेला मोबाइल वाजला आणि भडका उडाला, दुसऱ्याचा चेहरा भाजला, तिसऱ्याची मांडी. तेव्हा पंपावर फोन बंद ठेवा, की झालं!

पहिली गोष्ट, असा इशारा आपण दिलाच नव्हता, हे शेलनेच स्पष्ट केलंय.

दुसरं, ‘रिंगच्या लहरींनी ठिणगी पडते’. पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते, म्हणजे अगदीच थोडी. पण ती येते कुठून? सीटवरून उठताना कपडे घासले जातात, अंगावर स्थिर वीज साठते आणि नोझलला हात लावताच चटका बसतो. जाणवण्याइतक्या त्या चटक्यात वाफ पेटवायला पुरेशी ऊर्जा असते. अमेरिकेत लोक स्वतःच पेट्रोल भरतात. तिथल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने अशा दीडशेहून जास्त आगींची नोंद केली; फोनमुळे लागलेली एकही सापडली नाही. भरताना मध्येच गाडीत बसून परत आलेले मात्र त्यांत पुष्कळ निघाले.

तिसरं, ‘फोन बंद की धोका संपला’. मला खरा राग आहे तो याचा. मी डिस्पेन्सरच्या, म्हणजे पेट्रोल भरायच्या मशीनच्या, दुरुस्तीत आहे. मशीनचं खालचं पॅनल उघडलं की एफएलपी (फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ज्वाला बाहेर न सोडणारा) जंक्शन बॉक्स दिसतो, त्यात विजेच्या तारा जोडलेल्या असतात, आणि त्याच्या झाकणाला चारपैकी दोनच बोल्ट असतात. केबल आत शिरते तिथली फट घट्ट बंद करणाऱ्या केबल ग्लँडच्या जागी काळी टेप गुंडाळलेली. या बॉक्सच्या आत स्फोट झाला तरी चालतो. झाकणाच्या अरुंद फटीतून बाहेर पडेपर्यंत ज्वाला थंड व्हावी, अशीच त्याची रचना असते. बोल्ट गेला की फट वाढते आणि नागपूरच्या पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) मान्यता असलेला बॉक्स साधा पत्र्याचा डबा होतो. त्यात पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती नेमकी खाली मशीनच्या खड्ड्यात साचते.

‘नोझल जागेवर ठेवलं, मशीन बंद आहे, घाला हात,’ असं सांगणारे मॅनेजरही भेटतात. मोटर थांबते, आतल्या तारांतली वीज जात नाही. टाकीतला सबमर्सिबल पंप दोन-तीन मशीनना सामाईक असेल, तर शेजारच्या मशीनवरूनही करंट येऊ शकतो. म्हणून पॅनल रूममध्ये त्या पंपाशी जोडलेले सगळे एमसीबी पाडायचे, कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. झाकण उघडायचं ते त्यानंतर.

तरी पाटी असेल तिथे फोन आत ठेवा. तो अशा जागेसाठी बनवलेला नाही, आणि बोलण्याच्या नादात नोझलकडे लक्ष राहत नाही. पैसे भरायचा क्यूआर कोड मशीनलाच चिकटवलेला असला, तर तो बाजूला लावायला सांगा.