गाडीची वायर घरच्या सॉकेटमध्ये घालू नका

‘लाइट गेली की गाडीच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडा, दोन्हीकडे पिना असलेली वायर घरच्या सॉकेटमध्ये घाला, अख्खं घर चालेल’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि जिवावर बेतणारा.

साध्या गाडीची बॅटरी 12 व्होल्ट, 35–45 अँपिअर-अवरची. म्हणजे पूर्ण भरलेली असली तरी जेमतेम अर्धा युनिट. ती स्टार्टर फिरवण्यासाठी असते, पार उतरवली की लवकर खराब होते. दोन-तीन दिवे, राउटर, मोबाइल चालतील; गिझर विसरा. बंद पार्किंगमध्ये इंजिन तर चालू ठेवूच नका, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

खरा धोका त्या वायरीचा. एक टोक जोडलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत करंट. मेन स्विच चालू राहिला तर वीज उलटी खांबाकडे जाते, ट्रान्सफॉर्मरमधून तिचे 11,000 व्होल्टसुद्धा होऊ शकतात. आणि वर चढलेला वायरमन लाइन बंद समजून काम करत असतो.

नेक्सॉन ईव्हीसारख्या काही इलेक्ट्रिक गाड्यांत बाहेर वीज द्यायची सोय आहे, पण उपकरण थेट जोडण्यासाठी. घराच्या वायरिंगला जोडायचं तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी खांबाची किंवा गाडीची, एकच वीज घरात येऊ देणारा) हवाच, तोही परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.