पगार सोडून बोला

प्रोग्रामर माणसाला कधी सरळ तोंडावर विचारून बघा, किती मिळतात रे तुला? तो आधी हसतो, मग म्हणतो तसं नाही सांगता येत, मग फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, जॉइनिंग बोनस, वर ईसॉप म्हणजे कंपनीचे शेअर, ते चार वर्षांत मिळणार, पहिलं वर्ष काहीच नाही, त्याला क्लिफ म्हणतात, पुढे कंपनी लिस्ट झाली तर, नाही झाली तर... शेवटी तुम्हीच दमता आणि म्हणता जाऊदे बाबा, चा घे. आणि हाच माणूस शनिवारी संध्याकाळी गोव्यात फोंड्याच्या हॉटेलात दोन-दोन तास पैशाशिवाय दुसरा विषय काढत नाही. फक्त आकडा सोडून.

आम्ही चौघं. नावं देत नाही कारण आमचे एचआरवाले कामं सोडून सगळं वाचतात, गावांवरून भागवतो. डिचोली वेर्ण्याला कंपनीत जातो आणि अर्धं आयुष्य येण्याजाण्यात घालवतो. म्हापसा बेंगळुरूच्या स्टार्टअपचं काम घरात बसून करतो. सावर्डे पणजीत सरकारी वेबसाइटी बनवणाऱ्या एका ठेकेदाराकडे आहे, त्यामुळे त्याला कसलंच टेन्शन नाही, आणि पैसेही नाहीत. मी अमेरिकन क्लायंटचा फ्रीलान्सर, राहणार फोंडा. भेटायला फोंडा सगळ्यांना मध्ये पडतं असं माझं म्हणणं आहे, म्हापशाला ते आजपर्यंत पटलेलं नाही.

मला खरंतर फक्त मिक्स भाजी, पाव आणि दोन मिरच्या खायच्या असतात. पण पहिला घास तोंडात जायच्या आत डिचोली मोबाईल पुढे करतो, "हे बघ, आपल्याबरोबर कॉलेजला होता तो." लिंक्डइनवर तो प्राणी कुठल्यातरी पदावर चढलाय आणि त्यामुळे तो अत्यंत नम्र झालाय. हे मला कधी कळलं नाही, प्रमोशन मिळाल्यावर माणूस नम्र कसा होतो, आमच्याकडे तर नुसता पंच झाला तरी मान वर जाते. मग चौघं मिळून त्याच्या पदावरून पगाराचा अंदाज बांधतात, एक म्हणतो चाळीस, एक म्हणतो साठ. लाख हा शब्द कोणी उच्चारत नाही, तो अध्याहृत. दुसऱ्याच्या पगाराचा अंदाज सांगताना प्रत्येक जण आपला आकडा थोडासा उघडा करतो आणि लगेच झाकतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मला अंदाज ऐकून मूळ आकडा काढता येतो. डिचोली नेहमी दीडपट सांगतो.

माझी गोष्ट निराळी, मला पैसे डॉलरमध्ये येतात, म्हणजे मी देशद्रोही. २०२२ च्या जुलैत डॉलरनं पहिल्यांदा ८० रुपये ओलांडले तेव्हा टीव्हीवर माणसं कपाळाला हात लावून बसली होती आणि इथे हे तिघं माझ्याकडे बघत होते, पार्टी कधी म्हणून. रुपया पडला की बिल मी भरायचं असा नियमच झालाय. रुपया सावरला तर कोणी माझं बिल भरत नाही, ते बाजूलाच राहिलं.

आणि ते डॉलर घरापर्यंत आणणं किती कठीण असतं हे ह्यांना काय माहीत. पहिल्या वेळेला बँकेतून फोन आला की परदेशातून रक्कम आलीय, येऊन पर्पज कोड सांगा, म्हणजे पैसे कशाबद्दल आले त्याचा नंबर. मी गेलो. सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीचा कोड पी०८०२, मी पाठ करून गेलो होतो. काउंटरवरच्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, "म्हणजे काय पाठवलं?" म्हटलं सॉफ्टवेअर. "कुरिअरचा कागद?" म्हटलं साहेब, इंटरनेटवरून पाठवतात. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मग पाठवलं हे कसं समजायचं?" आता ह्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही, कारण क्लायंटसुद्धा मला अधूनमधून हेच विचारतो. शेवटी त्यांच्या मुलाला इंजिनियरिंगला कुठली ब्रँच घ्यावी ह्यावर मी अर्धा तास मार्गदर्शन केलं तेव्हा कुठे सही झाली.

टॅक्सचं बोलणं तर आमच्यात मंत्रपठणासारखं चालतं. ४४एडीए, म्हणजे इन्कम टॅक्सचं कलम. निम्मी कमाई नफा धरायची, त्यावर टॅक्स भरायचा, हिशेबाच्या वह्या नकोत. आता प्रोग्रामर त्यात बसतो की नाही ह्यावर प्रत्येकाच्या सीएचं मत वेगळं, आणि गंमत म्हणजे आमच्या टेबलावर फ्रीलान्सर मी एकटाच असून सगळ्यात जास्त मतं सावर्डेला आहेत. जवळपास सगळी कमाई बँकेतूनच येत असेल तर मर्यादा ७५ लाखांपर्यंत जाते हे मीच सांगितलं होतं, आणि सांगताना असा चेहरा केला होता की जसं काही ती मर्यादा मला कमी पडतेय. पुढचे कित्येक शनिवार बिल माझ्याकडे सरकत होतं.

लोकांना वाटतं गोव्यात राहून कोडिंग म्हणजे समुद्रावर माडाखाली लॅपटॉप. अहो फोंड्याला समुद्रच नाही, आमच्याकडे देवळं आहेत. आणि समुद्रावर लॅपटॉप घेऊन गेलं तर उन्हात स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं आणि की-बोर्डात रेती जाते. माझ्या क्लायंटला हे पटवणं मी सोडून दिलंय. पावसात माडाची झावळ फायबरच्या केबलवर पडली आणि दिवसभर नेट गेलं, मी त्याला खरं कारण कळवलं, तर त्याचं उत्तर आलं, किती सुंदर! त्याला वाटलं मी सुट्टीवर आहे आणि कविता पाठवलीय.

वेळेचं तर विचारूच नका. त्यांच्याकडे सकाळचे नऊ म्हणजे आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा. मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास मागे करतात की आमचे साडेसात, परत मार्चच्या दुसऱ्या रविवारी साडेसहा. चवथ, म्हणजे गणपती, येते ती बरोबर साडेसहाच्या मोसमात. मी आत मीटिंगमध्ये आणि बाहेर सोप्यावर घुमट, शामेळ, कांसाळीं ही वाद्यं घेऊन वाड्यावरची सगळी मंडळी आरतीला उभी, दार लावून काय होणार, घुमट ते. क्लायंटनं काळजीनं विचारलं, तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का? मी हो म्हटलं. गणपतीला माफ असावं, पण स्टँडअप, म्हणजे ती रोजची मीटिंग, पंधरा मिनिटांची असते, तेवढ्यात घुमट आरती समजावून सांगता येत नाही. आरती संपल्यावर मावशी आत डोकावून म्हणाली, "संपला रे तुझा गेम?"

मावशीचं सोडा, आख्ख्या गावाच्या हिशेबात मी घरीच असतो. गोव्यात नोकरी म्हणजे सरकारी, बाकी सगळं वाट बघणं. शेजारचा मुलगा एलडीसी लागला तेव्हा त्यांच्याकडे पेढे, सत्यनारायण आणि महिन्याभरात स्थळं. आता एलडीसी म्हणजे कारकून, पण तो आकडा सगळ्यांना पाठ आहे, बेसिक किती, डीए किती, निवृत्तीचं वय काय. माझा आकडा मलाच दर महिन्याला वेगळा कळतो. म्हापसा मुलगी बघायला गेला तिथे तिच्या वडलांनी विचारलं, "स्टार्टअप म्हणजे अजून चालू व्हायचंय का?" म्हापसा खोटं बोलत नाही. हो म्हणाला.

भाजी संपून दुसरा चा येतो तेव्हा धंद्याच्या कल्पना निघतात. प्रत्येकाकडे दोन-चार डोमेन, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, विकत घेतलेली आहेत, त्यावर काहीही नाही, दर वर्षी पैसे मात्र वेळेवर कापले जातात. त्या दिवशी डिचोली सांगत होता, डॉट एआय हे खरं तर अँग्विला नावाच्या कॅरिबियन बेटाचं डोमेन, लोकसंख्या आपल्या फोंडा शहरापेक्षा कमी, आणि २०२३ मध्ये नुसती ती दोन अक्षरं विकून त्यांना तीन कोटी डॉलरच्या वर मिळाले, सरकारच्या उत्पन्नाचा पाचवा भाग. टेबलावर शांतता. मग सावर्डे हळूच म्हणाला, मकावला पोर्तुगीज असतानाच डॉट एमओ मिळालं, तिमोरला तर पोर्तुगीज तिमोर म्हणून डॉट टीपी दिलं होतं. आपण १९६१ ला मुक्त झालो आणि देशांची डोमेनं आली १९८५ पासून. म्हणजे बघ, म्हणाला. आम्ही बघितलं. "गप रे," म्हापसा म्हणाला, "ह्याचे आजोबा सत्याग्रहात होते आणि हा डोमेनचा हिशेब करतोय." पण नंतर बराच वेळ तोच मोबाईलवर काहीतरी गुणाकार करत होता, मी बघितलं.

डिचोलीचा रिटायरमेंट प्लॅन वेगळाच आहे. जुन्या बत्तीस बिटांच्या सिस्टीममध्ये १९७० पासूनचे सेकंद मोजतात आणि ते १९ जानेवारी २०३८ ला संपणार, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी. तो म्हणतो, तेव्हा आपण म्हातारे झालेले असू आणि जुना कोड वाचणारं दुसरं कोण असणार नाही, तासाला पाहिजे तो रेट लावायचा. सावर्डे म्हणाला आमच्या वेबसाइटला काही होणार नाही, ती त्या दिवशीही अंडर मेंटेनन्स असेल.

एआय येतंच, आता एआयशिवाय चा पण गोड लागत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं तेव्हा आम्ही त्याच्याकडून मालवणी मसाल्याची रेसिपी काढून हसलो होतो, आता डिचोलीचा मॅनेजर त्याला विचारतो की हे काम चॅटजीपीटीकडून करून घेतलंस तर तुझे तीन दिवस कशाला? सावर्डेचं मत असं की गोव्यात आपल्याला धोका नाही, मे महिन्यात फांद्या छाटायला दर दोन दिवसांनी लाइट जाते, तेव्हा लाइनमनला फोन करून "पात्रांव, जरा बघ रे" म्हणायला माणूसच लागतो. मला हा मुद्दा वरवर वाटतो तेवढा फालतू वाटत नाही.

तर परवा हेच चाललं होतं, कोणाची नोकरी आधी जाणार, आणि म्हापसा अगदी निवांत मिरची खात होता. डिचोलीला संशय आला. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की ह्यानं घराचा वरचा मजला गुरगावच्या एका प्रॉडक्ट मॅनेजरला भाड्यानं दिलाय. किती? आणि इतक्या वर्षांत त्या टेबलावर पहिल्यांदा कोणीतरी सरळ आकडा सांगितला, महिन्याला पंचावन्न हजार, वर लाइट-पाणी वेगळं. व्हेरिएबल नाही, क्लिफ नाही, काही नाही. डिचोलीचा पाव हातातच राहिला.

तेवढ्यात म्हापशाचा मोबाईल वाजला आणि हा खुर्चीतून असा उठला की कंपनीचा सर्व्हर पडला तरी असा उठत नाही. वरच्या मजल्यावर वायफाय बंद होतं. "हो सर, हो सर, राउटरचा मागचा स्विच, हां, बंद करा, तीस सेकंद थांबा, आता चालू करा." थोडा वेळ थांबला. चालू झालं. मग पलीकडून काहीतरी कौतुकाचं बोलणं झालं असावं, कारण म्हापसा लाजून म्हणाला, "नाही सर, इंजिनियर वगैरे काही नाही, थोडं थोडं कळतं."