"मॅडम, भूकंप येऊन राहिला का?"

मे २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यात सलग तीन दिवस छोट्या धक्क्यांची नोंद झाली. अडीचच्या आसपास तीव्रता. बहुतेकांना काही जाणवलंही नाही, पण मोबाईलवर बातमी आली आणि माझा फोन सुरू झाला. आमच्या लेआउटमधल्या एका काकांनी तर गेटवरच गाठलं. "मॅडम, भूकंप येऊन राहिला का आपल्याकडे? माझ्या भिंतीला भेग पडली न!"

गेले भेग बघायला. (आयुष्यभर भूशास्त्र शिकवत दगड फोडलेल्या बाईला निवृत्तीनंतर लोक भेगा दाखवायलाच बोलावतात. पोहे मात्र तर्रीवाले होते.) खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग. ती भूकंपाची नव्हतीच, काळ्या मातीची होती. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच घराखालीही चालू असतं. पायवा मुरमापर्यंत, म्हणजे मातीखालच्या घट्ट थरापर्यंत नेला नाही, तर भिंत दरवर्षी मातीसोबत वरखाली होते.

"खोदताना मुरूम लागला होता का?" मी विचारलं.

"ठेकेदार तर म्हणे लागला."

आता त्या धक्क्यांचं. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पटीने वाढते. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता, म्हणजे आपल्या अडीचवाल्याच्या साधारण साडेतीन लाख पट. शिवाय आपल्याकडे खाणी आहेत, सुरुंग लागतात. हे धक्के त्यांचेच असावेत असंही तेव्हा बोललं गेलं. मग नागपूर बिनधोक का? तसं मी म्हणणार नाही. २००२ च्या भूकंप-धोक्याच्या नकाशात आपण झोन दोनमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतो. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हादरलं, तेव्हा किल्लारीही त्या वेळच्या नकाशात सर्वांत खालच्याच झोनमध्ये होतं. तिथे दहा हजारांच्या घरात माणसं गेली, ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर येऊन. २२ मे १९९७ ला जबलपूरला भूकंप झाला, तेव्हा गच्चीवर माझी खाट हलली होती. आईला वाटलं मांजर.

तर भूकंपाचं जरूर विचारा. पण एवढ्या वर्षांत प्लॉट घ्यायच्या आधी "इथे पाणी येईल का?" म्हणून मला फोन केलेला माणूस अजून भेटायचा आहे.

नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी गावात शिरली आणि २०४ जण गेले. नव्या पोरांना हे गाव माहीत नसतं, किल्लारी मात्र माहीत असते. नागपुरात तर २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र फार जुनी नाही. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस. शंभर मिलिमीटर ऐकायला वीतभरही वाटत नाही, पण एका चौरस किलोमीटरवर तेवढं पडलं की दहा कोटी लिटर पाणी होतं. पश्चिमेकडे आपल्या खाली बसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. जिथे तो घट्ट आहे तिथे पाणी मुरत नाही, उतारावरून धावतं. त्यावर आपण काँक्रीट ओतलं. नाग नदी ज्या टेकड्यांमधून निघते, तिथल्या गावाचं नाव लावा आहे आणि खालचा दगड खरोखरच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. नावाचा योगायोग, पण मला दर वेळी गंमत वाटते. तिथलं पाणी अंबाझरी तलावात येतं, सांडव्यावरून नदीत उतरतं, आणि त्या रात्री ते अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधल्या घरांत घुसलं. सांडव्याच्या तोंडाशी काय काय उभं राहिलं, ते प्रकरण हायकोर्टात गेलं, त्यावर मी बोलत नाही. माझ्या दारापुरतं सांगते. ज्यांनी आमचा सिमेंट रोड बांधला, त्यांनी जुना न खोदता त्यावरच थर चढवला. आता रस्ता माझ्या अंगणाहून दीड फूट उंच. पाऊस आला की रस्ता कोरडा आणि माझी तुळस पाण्यात.

नागपुरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते, पण नागपूरच्या भूशास्त्राचा पाया त्यांनी घातला. इथल्या दगडांतले जीवाश्म त्यांनी गोळा केले, 'हिस्लॉपाइट' या खनिजाचं नावही त्यांच्यावरूनच. ४ सप्टेंबर १८६३ ला ते टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेले आणि परतताना घोड्यावरून पाण्याने भरलेला नाला ओलांडताना बुडाले. हा भाग ज्याने इतका अभ्यासला, त्यालाही एका नाल्याने नेलं. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता व्हायची.

मागच्या आठवड्यात काकांच्या मुलाने प्लॉट दाखवायला नेलं, शहराबाहेर, रिंग रोडपलीकडे. छान सपाट. पण भरावाच्या कडेला खणलेल्या खड्ड्यात गोल गुळगुळीत गोटे दिसत होते. असे गोटे वाहत्या पाण्याशिवाय होत नाहीत. पलीकडे झाडांची एक वळणदार ओळ, मधेच तुटलेली, आणि तुटली होती ती नेमकी प्लॉटपाशी. मी म्हटलं, "तलाठ्याकडे जुना गाव नकाशा बघ, नाला इथूनच जात असेल."

विकणारा हसला. "मॅडम, दहा वर्षांपासून पाहून राहिलो, इथे पाणी कधीच येत नाही."

पोराने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. काल कळलं, टोकन देऊन झालंय. काका म्हणाले, "बांधकामाच्या वेळी मुरमाचं मात्र बघून द्याल ना?"