टोमॅटोचे बूड काळे पडले? एप्सम सॉल्टचा पुडा राहू द्या

‘उन्हाळा लागताच परसबागेत ही पाच कामे कराच’ असा एक मेसेज सध्या फिरतो आहे. त्यातला आच्छादनाचा सल्ला चांगला आहे: पालापाचोळ्याचा ५ ते ७ सेंटीमीटरचा थर द्या, फक्त तो खोडाला चिकटू देऊ नका. उरलेल्या चार सल्ल्यांशी माझे भांडण आहे.

‘टोमॅटोचे बूड काळे पडू नये म्हणून मुळाशी एप्सम सॉल्ट घाला.’ एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. बूड काळे पडते ते फळाला कॅल्शियम कमी पडल्यामुळे. मॅग्नेशियम जास्त झाले की ते मुळांपाशी कॅल्शियमच्याच आड येते, म्हणजे औषधाने दुखणे वाढायचे. बरे, बहुतेक मातीत कॅल्शियम असतेच. ते पाण्याबरोबर वर चढते, आणि पाणी ओढण्यात पाने फळांच्या कितीतरी पुढे असतात. चार दिवस माती कोरडी आणि पाचव्या दिवशी बादलीभर पाणी, असे चालले की उपाशी राहते ते फळच. पाण्याच्या पाळ्या नेमाने द्या. पुढची फळे बहुधा चांगली येतात. काळी पडलेली सुधारत नाहीत, ती तोडून टाका. अंड्याची टरफले? ती मातीत इतक्या सावकाश विरघळतात की तोवर हंगाम संपतो.

‘रोज संध्याकाळी थोडे थोडे पाणी शिंपडा.’ नुकत्याच पेरलेल्या बियांना ठीक. मोठ्या झाडांना याने वरचा बोटभर थरच ओला होतो, मुळे तिथेच घुटमळतात आणि ऊन वाढले की आधी तोच थर सुकतो. वाफ्याला चौरस मीटरमागे आठवड्याला साधारण २५ लिटर पाणी दोन-तीन पाळ्यांत, सकाळी, आळ्यात द्या. कडक उन्हात आणखी. कुंड्यांचे गणित वेगळे, त्यांना रोज लागू शकते. दुपारी भोपळ्याची पाने मान टाकतात म्हणून धावू नका. संध्याकाळीही ती तशीच असली तर पाणी द्या.

‘दुपारी पाणी घातले तर थेंबांच्या भिंगाने पाने जळतात.’ हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० साली हे तपासले. गुळगुळीत पानावर काचेचे गोल ठेवले तर डाग पडले, पाण्याच्या थेंबांनी नाही. पसरट थेंबातून किरण एकवटतात ते पानाच्या खाली. मेणचट लव थेंबाला वर उचलून धरते अशा पानांवर मात्र डाग पडू शकतात. दुपारी पाणी बरेच वाफेत जाते, ही तक्रार रास्त आहे. पण तहानलेल्या रोपाला भिंगाच्या धाकाने संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवू नये.

‘टोमॅटोचे बगलेतले सगळे फुटवे खुडा.’ उंच वाढणाऱ्या, काठीला बांधलेल्या जातींना चालेल. बुटक्या, झुडपी जातींच्या शेंड्यालाच फुले येऊन वाढ थांबते. त्यांचे फुटवे खुडणे म्हणजे फळेच खुडणे. आणि उंच जातीतही पाने फार विरळ केलीत तर उघडी पडलेली फळे उन्हाने पांढरी पडतात. बियांच्या पाकिटावर जात कोणती ते लिहिलेले असते. खुडण्याआधी तेवढे वाचा.