पीएसएच्या शेजारचा रिकामा रकाना

वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग झाल्यापासून आमच्या घरात एकाच आकड्याला महत्त्व होते, तो म्हणजे पीएसए, या कर्करोगाचा माग ठेवणारी रक्तचाचणी. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी करणारे हार्मोनचे इंजेक्शन सुरू झाल्यावर तो भराभर खाली आला आणि प्रत्येक रिपोर्टनंतर नातेवाइकांचे आनंदाचे फोन येऊ लागले. त्याच काळात बाबा रात्री चार-चार वेळा लघवीला उठत होते. पण प्रोस्टेटचा रुग्ण म्हटल्यावर हे चालायचेच, असे आम्ही धरून चाललो आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनीही तसेच सांगितले. वर्षभराने दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासले, तेव्हा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी पातळी दाखवणारा आकडा, ८.१ टक्के निघाला, म्हणजे मधुमेहच. उपचारांआधी त्यांना मधुमेह नव्हता.

टेस्टोस्टेरॉन कमी केले की हा कर्करोग आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मात्र हेच संप्रेरक स्नायू टिकवून धरते. ते गेले की स्नायू झिजतात, पोटाभोवती चरबी साठते, इन्सुलिनला शरीर पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही आणि साखर वर सरकते. हा बदल काही महिन्यांतच सुरू होऊ शकतो. काही रुग्णांना अॅबिराटेरोन या कर्करोगावरील गोळीसोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावे लागते, त्यानेही साखर वाढते. २००६ मध्ये अमेरिकेतील सुमारे ७३ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा ही इंजेक्शने घेणाऱ्यांमध्ये मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळला, आणि २०१० मध्ये तिथल्या औषध नियामकाने तसा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला. हृदयाबाबतचा पुरावा मधुमेहाइतका एकमुखी नाही, हे मान्य करायला हवे. पण वाढलेली साखर रक्तवाहिन्यांचे नुकसान करते, याबद्दल कुणाचेच दुमत नाही.

इंजेक्शन टाळावे, असे मी मुळीच म्हणत नाही, कारण त्यानेच बाबा आज आमच्यात आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. कर्करोगाचे डॉक्टर पीएसए पाहतात, साखरेकडे फॅमिली डॉक्टरांनी पाहावे असे गृहीत धरतात, आणि फॅमिली डॉक्टरांना इंजेक्शनचा हा परिणाम अनेकदा कुणी कळवलेलाच नसतो. प्रोस्टेटचा कर्करोग लवकर सापडलेल्या कितीतरी पुरुषांचा जीव पुढे कर्करोग नव्हे, तर हृदयविकार घेतो. मग ही तपासणी कुणाचीच जबाबदारी नसणे मला अक्षम्य वाटते. पीएसएसाठी सुई टोचायचीच असते, आणि एचबीएवनसीसाठी उपाशीपोटी जावेही लागत नाही. इंजेक्शन सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर ठरावीक अंतराने साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल पाहायला आणि कंबर मोजायला कितीसा वेळ लागतो?

बाबा आता रोज चालतात आणि स्नायूंसाठी वजनांचे हलके व्यायामही करतात. रात्री ते एकदाच उठतात. त्यांच्या फाइलीत पीएसएच्या शेजारी मी एचबीएवनसीचा रकाना आखला आहे. गेल्या महिन्यात त्यात ६.८ लिहिले.