दोरखंडाचं पीक आणि गांजा: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. हेंप, म्हणजे दोरासाठी धागा देणारं गांजाच्याच जातीचं पीक. त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही पेडण्याहून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन. हणजूण-वागातोरला पोरं गांजापायी वाया जात असताना मी त्याच झाडाला शेतीचा साज चढवतो, हा एक. आणि आपल्याकडे दोराला सुंब, म्हणजे काथ्याची दोरी, असताना गोव्याचा हेंपशी संबंधच काय, हा दुसरा.

आधी दुसरा घेतो. लिस्बनहून मांडवीत येणाऱ्या जहाजांचे दोरखंड हेंपचे असत. युरोपात आरमार बाळगायचं तर हे पीक हवंच. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३३ साली शेतकऱ्यांना हेंप किंवा जवस पेरण्याची सक्ती केली होती. मात्र हा दोर ओला राहिला की कुजतो, म्हणून त्याला डांबर पाजावं लागे. आपली नारळाची सोडणं खाऱ्या चिखलात महिनोन्महिने पुरून, मग बडवून काढलेला काथ्या समुद्राच्या पाण्याला दाद देत नाही. २०२५ साली गोव्यात बांधलेल्या 'कौंडिण्य' जहाजाच्या फळ्याही काथ्याच्या दोरीनेच शिवल्या आहेत. शिवाय हेंपला उंच वाढायला उन्हाळ्यातला लांब दिवस लागतो. आपल्याकडे दिवस फारसा लांबत नाही. युरोपातलं बी इथे पेरलं तर लवकर फुलतं आणि ताट, म्हणजे खोड, आखूड राहतं. तेव्हा सुंबाबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे.

पण गोव्याचा संबंध आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य इथेच राहिला, त्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेवर वेगळं प्रकरण आहे. ही आमच्या पोर्तुगालातली दोराची वनस्पती नव्हे, हिचं बी लहान आणि तितकं पांढरं नाही, असं तो सांगतो. आज शास्त्र दोन्हींना एकाच जातीत धरतं, तरी पिकं वेगळी हे त्याने तेव्हाच हेरलं होतं.

तुमच्या पहिल्या आक्षेपाचं उत्तर इथेच आहे. धाग्याचं हेंप इतकं दाट पेरतात की फांदी फुटायला जागाच राहत नाही; ताट सरळ दोन-तीन मीटर वर जातं. फुलोऱ्याच्या सुमारास, बी धरण्याआधी कापायचं, साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवस बुडवून ठेवायचं. ताटातला चिकटा कुजतो, पाण्याला उग्र घाण सुटते आणि साल सुटी होते. मग वाळवून, ठेचून, विंचरून धागा. गांजावाल्याला नेमकं उलटं हवं असतं: विरळ लावलेलं, फांद्यांचं, कणसांनी लगडलेलं झाड. धाग्याच्या वाणात नशेचं द्रव्य साधारण ०.३ टक्क्यांच्या आत असतं. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही धागा आणि बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं अशी तरतूद आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये असा परवाना दिला.

पोरांची काळजी मलाही तितकीच आहे. म्हणूनच त्यांना हा फरक नीट माहीत असावा असं वाटतं. अर्धवट माहितीवरच "हे तर औषधी, नैसर्गिक" म्हणून गांजा खपवला जातो.

तुमच्या घरी पूर्वी सुंब वळत, असं तुम्ही लिहिलंय. सोडणं किती महिने पुरत, भरतीचं पाणी त्यांना रोज लागे का, आणि कुटायचं काम कोणाकडे असे, हे सवडीने कळवाल का? पुढचा लेख त्यावरच लिहायचा आहे.